पुदिना, पॅरासिटामॉल आणि एक चिनी गोळी: प्रकरण अभ्यास

सप्टेंबर २०१० मध्ये चीनच्या अन्न व औषध प्रशासनाने औषधांच्या दुष्परिणामांवरच्या आपल्या माहितीपत्रिकेत एका सर्दीच्या गोळीबद्दल इशारा दिला. गोळीचे नाव 'वेई-सी यिनछ्याओ', म्हणजे व्हिटॅमिन सी घातलेली यिनछ्याओ गोळी. घसा धरला, अंग तापले, नाक चोंदले की चिनी घरात सहज घेतली जाणारी ही गोळी चिठ्ठीशिवाय मिळते आणि तिची गणना पारंपरिक चिनी औषधांत होते. १ जानेवारी २००४ ते ३० एप्रिल २०१० या काळात तिच्याविषयी राष्ट्रीय नोंदवहीत १८८५ तक्रारी जमा झाल्या होत्या. त्यातल्या ४८ गंभीर होत्या. अंगभर पुरळ, कातडी सोलून निघण्यापर्यंत गेलेली प्रतिक्रिया, यकृताच्या चाचण्या बिघडणे, ॲलर्जीचा झटका येऊन रक्तदाब कोसळणे, मूत्रपिंडाचा दाह, पांढऱ्या पेशी घटणे, तांबड्या पेशी फुटून होणारा पांडुरोग अशी ही यादी आहे. गंभीर प्रकरणांपैकी तीन चतुर्थांश त्वचेची होती.

पुदिन्याच्या औषधी उपयोगांबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल लिहायचे तर मी या गोळीपासून सुरुवात करतो, कारण चिनी वैद्यकातला पुदिना आज बहुतेकांच्या पोटात काढ्यातून जात नाही, अशाच तयार गोळीतून किंवा पुडीतून जातो. 'पुदिना सुरक्षित आहे का' या प्रश्नाला एका ओळीचे उत्तर का देता येत नाही, तेही याच गोळीचा हिशेब मांडला की दिसते.

आकड्यांबद्दल आधीच एक खुलासा. १८८५ ही संख्या ऐकून कोणी दचकू नये आणि कोणी ती झटकूनही टाकू नये. हे 'या गोळीने झाले' असे सिद्ध झालेले रुग्ण नाहीत. गोळी घेतल्यानंतर काहीतरी झाले आणि डॉक्टरने किंवा औषध विक्रेत्याने ते कळवले, एवढाच त्याचा अर्थ. त्या सहा वर्षांत गोळ्या किती खपल्या हा भागाकारातला छेद त्या आकड्यात नाही, त्यामुळे धोक्याचे प्रमाण त्यातून निघत नाही. पण पत्रिकेने एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली होती: लोक ठरलेल्या मात्रेपेक्षा जास्त गोळ्या घेत होते, त्याच घटकांची दुसरी औषधे जोडीला घेत होते, आणि ज्यांना त्यातल्या घटकांची ॲलर्जी आहे अशांनाही ती दिली जात होती. या तीन गोष्टींतच पुढचे सगळे प्रकरण आहे.

वू जूथोंगची कृती

यिनछ्याओ हे मूळचे चूर्ण, च्यांगसू प्रांतातल्या वू जूथोंग या वैद्याचे. साथीच्या तापांवरचा त्याचा ग्रंथ १७९८ मध्ये लिहून पुरा झाला आणि १८१३ मध्ये छापला गेला. कृतीत नऊ द्रव्ये आहेत. हनीसकलच्या कळ्या आणि फॉर्सिथियाची फळे ही मुख्य दोन, त्यांच्या जोडीला पुदिना म्हणजे बोहे, जिंगजिये नावाच्या पुदिन्याच्याच कुळातल्या झाडाच्या मंजिऱ्या, बरडॉकचे बी, प्लॅटिकोडॉनचे मूळ, बांबूसारख्या एका गवताची पाने, आंबवून वाळवलेले काळे सोयाबीन आणि ज्येष्ठमधाचा चिनी भाऊबंद. हे भरड कुटून पाणथळीतल्या उंच गवताच्या ताज्या मुळांच्या काढ्यात उकळायचे.

किती उकळायचे, याबद्दल वू जूथोंग अगदी नेमके सांगतो. सुवास भरभरून आला की लगेच उतरवा, जास्त उकळू नका. कारणही त्याच्या पद्धतीने देतो: फुप्फुसाची औषधे हलकी असावीत, फार उकळली की रस दाट होतो आणि औषध शरीराच्या मधल्या भागात उतरते. ही भाषा आपल्या ओळखीची नसली तरी त्यातला व्यवहार आजच्या रसायनशास्त्राला पटणारा आहे. बोहेचे काम करणारा मुख्य घटक मेंथॉल, आणि तो वाफेबरोबर उडून जातो. तासभर रटरटलेल्या काढ्यात पुदिन्याचा कडवटपणा उरतो, मेंथॉल घरभर पसरून जाते. म्हणूनच आजच्या चिनी औषधकोशातही बोहेपुढे 'शेवटी घालावे' अशी सूचना असते. बाकीची द्रव्ये उकळून झाली की शेवटच्या पाचेक मिनिटांत पुदिना टाकायचा आणि झाकण ठेवायचे.

बोहे म्हणजे नक्की कोणता पुदिना, हेही येथेच सांगून टाकतो, कारण अर्धे गैरसमज तिथून सुरू होतात. आपण चटणीत वाटतो तो बाजारातला पुदिना बहुधा स्पिअरमिंट जातीचा असतो आणि त्याच्या तेलात मेंथॉल जवळजवळ नसते, त्याचा वास कार्व्होन या वेगळ्या घटकाचा असतो. पाश्चात्त्य पेपरमिंट हा आणखी वेगळा, दोन जातींचा संकर. चिनी बोहे ही मेंथॉलने गच्च भरलेली जात आहे. तिचेच सख्खे भावंड आपल्याकडे उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या पट्ट्यात 'मेंथा' या नावाने पिकते आणि आपल्या बामच्या डबीतले, अमृतधारेतले पुदिन्याचे फूल, म्हणजे मेंथॉलचे स्फटिक, तिथून येते. पोटातल्या मुरड्यावर पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलचा उपयोग होतो हे चांगल्या चाचण्यांनी दाखवले आहे, पण त्या चाचण्या पेपरमिंटच्या तेलावरच्या, तेही आतड्यात जाऊन फुटणाऱ्या कॅप्सूलवरच्या. त्यांचे श्रेय बोहेच्या काढ्याला देणारे लेख मी सतत वाचतो आणि ते चुकीचे आहे.

चिनी वैद्यकात बोहेची नोंद थांग काळातल्या, इ. स. ६५९ च्या सरकारी औषधसंग्रहात सापडते. ते तिखट आणि गारवा देणारे मानले जाते आणि फुप्फुस व यकृत या दोन मार्गांवर काम करते असे सांगितले जाते. वाऱ्याने आणि उष्णतेने आलेला ताप, डोके जड होणे, डोळे लाल होणे, घसा दुखणे, गोवरासारखी पुरळ बाहेर न पडता आत अडकणे, आणि मन कोंडल्यासारखे होऊन बरगड्यांखाली दाटणे हे त्याचे उपयोग. या शेवटच्या कारणासाठी सुंग काळातल्या श्याओयाओ चूर्णात तो चिमूटभर पडतो. त्याच काळच्या डोकेदुखीवरच्या एका चूर्णात मात्र सर्वांत जास्त वजन पुदिन्याचेच आहे आणि ते चूर्ण चहाबरोबर घ्यायचे असते. एकच पाला एके ठिकाणी चिमूटभर आणि एके ठिकाणी सर्वांत वरचढ. मात्रा रोगाप्रमाणे बदलते, हे त्या वैद्यांना नीट ठाऊक होते.

यातले काय आजच्या कसोटीला उतरते? गारवा तर नक्कीच खरा, पण तो जाणिवेतला आहे. थंडी ओळखणारे टीआरपीएम-८ नावाचे ग्राहक आपल्या मज्जातंतूंवर असतात, २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी ते स्वतंत्रपणे शोधले आणि २०२१ चे नोबेल दोघांना मिळाले. मेंथॉल नेमके त्याच ग्राहकांना चेतवते. त्वचेचे तापमान उतरत नाही, तरी गार वाटते. चोंदलेल्या नाकाचेही असेच: मेंथॉल हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण हवेला होणारा अडथळा मोजला तर तो जवळजवळ तेवढाच असतो. आजारी माणसाला बरे वाटणे ही लहान गोष्ट नाही, मी तिला कमी लेखत नाही. पण ताप उतरवणे वेगळे आणि गार वाटणे वेगळे, हा फरक पुढच्या हिशेबासाठी लक्षात ठेवावा लागतो.

परंपरेने सांगितलेली पथ्येही आहेत. अशक्त आणि फार घाम येणाऱ्या माणसाला बोहे देऊ नये, कारण ते घाम आणखी काढते. अंगावर पाजणाऱ्या आईने फार घेऊ नये, दूध आटते. रोजची मात्रा आजच्या औषधकोशात ३ ते ६ ग्रॅम.

हजार गोळ्यांचा हिशेब

आता गोळीकडे येऊ. चिनी औषधकोशातल्या कृतीत हजार गोळ्यांसाठी हनीसकलवर्गीय कळ्या १८० ग्रॅम, फॉर्सिथिया १८० ग्रॅम, बरडॉक १०८, प्लॅटिकोडॉन १०८, सोयाबीन ९०, ज्येष्ठमध ९०, जिंगजिये ७२, गवताची पाने ७२ असे आकडे दिसतात. हे आकडे वू जूथोंगच्या प्रमाणाशी ताडून पाहिले तर तंतोतंत जुळतात: त्याचे १०, १०, ६, ६, ५, ५, ४, ४, फक्त प्रत्येकी १८ पट. म्हणजे गोळी बनवणाऱ्यांनी परंपरेचे प्रमाण मोडलेले नाही. पाणथळीतल्या गवताचे मूळही त्यांनी आत घेतले. पुदिना मात्र पाल्याच्या रूपात नाही. त्याऐवजी हजार गोळ्यांमागे साधारण एक मिलिलिटर पुदिन्याचे तेल आहे, जे त्याच प्रमाणातल्या पाल्यातून निघेल तेवढेच. उडून जाणारे द्रव्य वेगळे काढून शेवटी घालायचे, म्हणजे 'शेवटी घालावे' या जुन्या सूचनेचा कारखान्यातला अवतार. इथवर मला या गोळीचे कौतुकच वाटते.

त्यानंतर कृतीत तीन नावे येतात जी वू जूथोंगला माहीत असणे शक्य नव्हते. व्हिटॅमिन सी, दर गोळीत ४९.५ मिलिग्रॅम. क्लोरफेनिरामिन, सर्दीवरचे झोप आणणारे औषध, १.०५ मिलिग्रॅम. आणि पॅरासिटामॉल, १०५ मिलिग्रॅम.

हे चोरून घातलेले नाही. आपल्याकडे 'आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या सांधेदुखीच्या पुडीत स्टिरॉइड सापडते तो प्रकार वेगळा, तो गुन्हा आहे. चीनमध्ये पारंपरिक द्रव्ये आणि आधुनिक औषधे एकत्र असलेली तयार औषधे कायदेशीर आहेत, औषधकोशात आहेत आणि आवरणावर घटक छापलेले असतात. पण परवाना क्रमांकात या गोळीला रासायनिक औषधाचे 'एच' अक्षर न लागता पारंपरिक औषधाचे 'झेड' लागते, दुकानात ती त्याच फडताळावर बसते, आणि नावात 'व्हिटॅमिन सी' आहे, 'पॅरासिटामॉल' नाही. घेणारा नाव वाचतो. त्याच्या मनात ही वनस्पतींची, निरुपद्रवी गोळी असते आणि एकाऐवजी तीन घेतल्याने काय बिघडते असे त्याला प्रामाणिकपणे वाटते.

आता मात्रा बघा. ठरलेला डोस दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा. एका गोळीत सगळी वनस्पतिद्रव्ये मिळून सुमारे एक ग्रॅम कच्च्या मालाचा अर्क. दिवसाचे सहा ग्रॅम. वू जूथोंगचा एक डोस सहा छ्येन, म्हणजे अंदाजे २२ ग्रॅम, आणि तो सौम्य तापात दिवसरात्र मिळून तीनदा, जोराच्या तापात चारदा द्यायला सांगतो. म्हणजे ६६ ते ८८ ग्रॅम. पुदिना एकटा धरला तर त्याच्या कृतीत रोजचा ७ ते ९ ग्रॅम पाला पोटात जायचा, जो आजच्या मर्यादेच्याही वर आहे. गोळीत जाणारे तेल सुमारे पाऊण ग्रॅमपेक्षाही कमी पाल्याचे. वनस्पतींचा भाग दहाव्या हिश्श्याखाली आला आणि पॅरासिटामॉल ६३० मिलिग्रॅम झाले.

काढा आणि अर्क यांची थेट तुलना पुरती बरोबर नसते, अर्क काढण्याची पद्धत फरक पाडते, हे मान्य. तरीही माझे मत ठाम आहे. या गोळीने ताप उतरला तर त्याचे मोठे श्रेय पॅरासिटामॉलचे, नाक वाहायचे थांबले तर क्लोरफेनिरामिनचे. रुग्ण मात्र ते श्रेय हनीसकलला आणि पुदिन्याला देतो, आणि पुढच्या वेळी त्याच विश्वासाने गोळ्या वाढवतो.

आता दुहेरी डोस कसा होतो ते प्रत्यक्ष मांडून पाहू. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांत मराठी मुलेही आहेत, म्हणून उदाहरण त्यांच्या खोलीतले घेतो. समजा, च्यांगसूच्या थंडीत एका मुलाला फ्लू झाला. खोलीवरच्या चिनी मित्राने यिनछ्याओच्या गोळ्या दिल्या, दिवसाच्या सहा. दुकानदाराने गरम पाण्यात विरघळणारी सर्दीची 'गानमाओलिंग' पुडी दिली, दिवसातून तीन. ही पुडीही पारंपरिक म्हणून विकली जाते, तिच्यातही रानशेवंतीबरोबर पुदिन्याचे तेल आहे, आणि तिच्यातही दर पुडीत २०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन आहे. शिवाय आईने बॅगेत भरून दिलेली आपली ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची पट्टी आहेच, ताप चढला की एक, दिवसातून तीन.

बेरीज: गोळ्यांतून ६३०, पुड्यांतून ६००, पट्टीतून १९५०. एकूण ३१८० मिलिग्रॅम. चीनमध्ये प्रौढासाठी दिवसाला २ ग्रॅमच्या वर जाऊ नये असे सांगितले जाते. मुलाला विचाराल तर तो सांगेल, 'पॅरासिटामॉल तीनच घेतल्या, बाकी हर्बल.' निरोगी, धडधाकट प्रौढाचे यकृत ३ ग्रॅम बहुधा निभावून नेते, ते विष ठरत नाही. पण तो चार दिवस धड जेवलेला नाही, वजनाने हलका आहे, किंवा मित्रांबरोबर दारू झाली आहे, आणि ताप उतरत नाही म्हणून त्याने गोळ्या दुप्पट केल्या, तर हिशेब झपाट्याने बदलतो. क्लोरफेनिरामिनही दिवसाला १८ मिलिग्रॅमच्या पुढे जाते, आणि गुंगीत आधी काय घेतले ते आठवत नाही म्हणून पुन्हा घेतले जाते.

डिसेंबर २०२२ मध्ये चीनने कोविडचे निर्बंध उठवले तेव्हा तापाची औषधे दुकानांतून नाहीशी झाली होती. जे मिळेल ते घरात भरले जात होते. अशा वेळी 'वेगवेगळी' म्हणून घेतलेली तीन औषधे आतून एकच असण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

दोष कोणाचा

त्या ४८ गंभीर प्रकरणांकडे परत जाऊ. त्वचेच्या प्रतिक्रिया एवढ्या जास्त का? पॅरासिटामॉलने क्वचित, पण जीवघेण्या त्वचाप्रतिक्रिया होऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला, त्यात कातडीवर आणि तोंडात फोड येऊन कातडी सोलून निघणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमचेही नाव होते. चिनी यादीत हाच गट दिसतो. यकृताच्या बिघाडालाही पॅरासिटामॉल हा सर्वांत आधी संशय घ्यावा असा घटक. मात्र एवढ्यावरून वनस्पतींना निर्दोष ठरवणे मला घाईचे वाटते. फुलांच्या कळ्यांपासून बनलेल्या कोणत्याही औषधाने ॲलर्जी होऊ शकते, आणि सर्दीतापात विषाणूमुळेही अंगावर पुरळ येते. दहा-बारा घटकांच्या मिश्रणात एका रुग्णापुरता दोष एकाच घटकावर ठेवणे बहुतेक वेळा शक्य नसते. ही मिश्र औषधांची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी अडचण आहे: काही बिघडले तर पुढच्या आयुष्यात रुग्णाने काय टाळायचे, तेच त्याला सांगता येत नाही.

पुदिन्याच्या कुळावरचा जुना आरोपही येथे तपासायला हवा. १९७८ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये अठरा वर्षांच्या एका मुलीने पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीचे सुमारे ३० मिलिलिटर तेल प्यायले आणि आठवडाभरात यकृत निकामी होऊन ती गेली. पेनीरॉयलमधला घातक घटक पुलेगोन. यिनछ्याओतल्या जिंगजियेत हाच पुलेगोन मुख्य सुगंधी घटक आहे, इतका की चिनी औषधकोशात जिंगजियेची प्रत ठरवायला पुलेगोनच मोजतात आणि तो किमान ०.०२ टक्के असावा लागतो. एके ठिकाणी विष, एके ठिकाणी गुणवत्तेची खूण. विरोधाभास वाटतो, पण मात्रा पाहिली की सुटतो. एका गोळीत ७२ मिलिग्रॅम जिंगजियेचा अर्क, त्यातला पुलेगोन मायक्रोग्रॅमच्या घरातला. कोलोरॅडोच्या मुलीने घेतला तो ग्रॅमच्या घरातला. मधे लाखांचे अंतर आहे.

तरी या दोन घटकांची यकृतातली वाट सारखी आहे, हे डॉक्टरांनी ध्यानात ठेवावे. पॅरासिटामॉल आणि पुलेगोन दोन्ही मोडताना विषारी तुकडे तयार होतात आणि दोन्ही यकृतातला, असे तुकडे निकामी करणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा खर्च करतात. म्हणूनच पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर दिले जाणारे एन-ॲसिटिलसिस्टीन पेनीरॉयलच्या विषबाधेतही वापरले गेले आहे. गोळीच्या नेहमीच्या मात्रेत जिंगजियेचा वाटा नगण्य आहे. पण पुदिन्यावर्गीय वनस्पतींची 'शुद्ध तेले' हल्ली छोट्या बाटल्यांत घरोघर पोहोचली आहेत, ती ही सगळी सुरक्षिततेची गणिते उलटवू शकतात. पाल्याचा चहा आणि तेलाची बाटली यांना एकाच नावाने ओळखणे थांबायला हवे.

तांबड्या पेशी फुटण्याचा मुद्दा मला वेगळा काढून सांगावासा वाटतो. तांबड्या पेशींना फुटण्यापासून वाचवणाऱ्या जी-६-पीडी या वितंचकाची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता दक्षिण चीनमध्ये, विशेषतः क्वांगतुंग आणि क्वांगशी भागात, बरीच आढळते. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ती दिसते. अशा नवजात बाळांना मेंथॉल असलेली पावडर लावल्यास कावीळ वाढते, हे नायजेरियातल्या बालरोगतज्ज्ञांनी १९८० च्या सुमारास दाखवले होते. तान्ह्या बाळाचे यकृत मेंथॉल बांधून बाहेर टाकायला पुरेसे तयार नसते. दुसरा धोका श्वासाचा. बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा कापूर चोळल्यास घशाचे स्नायू आवळून श्वास अडू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलाच्या चेहऱ्याजवळ, नाकपुड्यांत किंवा छातीच्या वरच्या भागात मेंथॉलचा बाम लावायचा नाही, हा नियम चिनी आजीला जितका लागू तितकाच आपल्याकडच्या आजीलाही. बाळाची सर्दी पाहून जीव तुटतो आणि हात डबीकडे जातो, हे मी समजू शकतो. तरीही नाही.

मोठ्यांसाठी पुदिन्याची एक साधी, पण रोजची तक्रार उरते. मेंथॉल अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करते. ज्यांना आम्लपित्ताने छातीत जळजळ होते, त्यांना पुदिन्याचा काढा किंवा गोळी घेऊन ती वाढल्याचे जाणवते. त्यांनी बोहे टाळावे, एवढेच.

काउंटरवर आणि दवाखान्यात

या प्रकरणात माझा निर्णय असा: पुदिना येथे आरोपी नाही. त्याच्या ओळखीच्या, घरगुती नावाच्या आडोशाने पॅरासिटामॉलची मोजदाद सुटली, हा खरा बिघाड. २०१० च्या पत्रिकेने डॉक्टरांना आणि दुकानदारांना ॲलर्जीचा इतिहास विचारायला सांगितले, मात्रेपेक्षा जास्त आणि दीर्घकाळ घेऊ नये असे सांगितले, सारख्या घटकांची औषधे एकत्र घेऊ नयेत असे सांगितले. हे योग्यच होते. पण माझ्या मते गोळीचे नाव तसेच राहू देणे ही उणीव राहिली. घटक लहान अक्षरांत छापणे आणि नावात सांगणे यांत फार फरक आहे. ताप आलेला माणूस चष्मा शोधून घटक वाचत बसत नाही. पॅरासिटामॉल असलेल्या प्रत्येक औषधाच्या दर्शनी बाजूला, पारंपरिक असो वा नसो, तो शब्द मोठ्या अक्षरांत असायला हवा. आपल्याकडच्या सर्दीच्या मिश्र गोळ्यांनाही हीच मागणी लागू आहे.

चीनहून आलेल्या किंवा कोणी भेट दिलेल्या अशा गोळ्या घरात असतील तर आवरणाचा फोटो काढून भाषांतराच्या ॲपमध्ये घटकांची यादी पाहावी. परवाना क्रमांकात 'झेड' आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. ज्यांना खरोखर फक्त वनस्पतींचे यिनछ्याओ हवे आहे त्यांच्यासाठी 'यिनछ्याओ जियेतू' ही वेगळी गोळी आहे. औषधकोशातल्या तिच्या कृतीत आधुनिक औषधे नाहीत आणि पुदिना आहे. दोन्हींची नावे आणि डब्या एवढ्या सारख्या की काउंटरवर एकीच्या जागी दुसरी सहज हातात पडते, म्हणून घटक पाहूनच घ्यावी.

डॉक्टरांसाठी. तापाच्या रुग्णाला 'काय औषधे घेतली' असे विचारले की तो पट्टीवरची तेवढीच सांगतो. काढा, चहा, पुडी, बाम, चघळायची गोळी ही नावे घेऊन वेगवेगळे विचारावे लागते. आवरणे घेऊन यायला सांगावे आणि सर्वांतले पॅरासिटामॉल कागदावर बेरीज करून मांडावे. तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड दिसले, पुरळाबरोबर कातडी दुखू लागली, तर सगळी औषधे तिथेच बंद करून रुग्णाला इस्पितळात पाठवावे. मात्रा खूप झाल्याचा संशय असेल तर कावीळ दिसायची वाट पाहू नये, कारण पहिल्या दिवशी मळमळ आणि थकवा यापलीकडे फारसे काही दिसत नाही, आणि फ्लूमध्येही तेच असते. रक्तातले पॅरासिटामॉल तपासावे. एन-ॲसिटिलसिस्टीन पहिल्या आठ तासांत सुरू झाले तर यकृत बहुतेक वेळा वाचते. उशीर झाला असला तरी ते द्यावेच. भारतात असा रुग्ण आढळला, तर गोळी परदेशी आहे म्हणून नोंद टाळू नये. औषध दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि अर्जात 'सोबतची औषधे' या रकान्यात काढ्याचे आणि बामचेही नाव लिहावे.